गाडीच्या पुढच्या चाकाचे चारपैकी दोन स्टड तुटले. घरी बदलता येतील का?

तुम्ही शहाद्याहून विचारलंय: जुनी स्विफ्ट, पुढचं डावं चाक. पंक्चर म्हणून खोलायला गेलात तर चारपैकी दोन स्टड, म्हणजे ज्यांवर चाकाचे नट चढतात ते आट्यांचे दांडे, नटासकट तुटून हातात आले. गॅरेजवाला म्हणतो अख्खा हब, म्हणजे स्टड ज्यात बसतात तो चाकामागचा फिरता भाग, बदला, आणि तुम्हाला वाटतंय की जुने ठोकून काढावेत आणि नवे घरीच बसवावेत.

भाऊ, घरी होतं. मी माझ्या गाडीचं केलंय, अंगणात, निंबाच्या सावलीत. पण माझं मागचं चाक होतं आणि तुमचं पुढचं आहे. सगळी मेख तिथेच आहे, त्यामुळे हातोडा उचलायच्या आधी एवढं वाचा. आणि तोवर गाडी जिथे उभी आहे तिथेच राहू द्या. उरलेल्या दोन नटांवर "हळूहळू गावापर्यंत नेतो" हे डोक्यातून काढून टाका.

माझी गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात जळगावहून पारोळ्याला लग्नाला निघालो होतो. सासरे पुढे बसलेले, आहेराची भांडी डिकीत. एरंडोलच्या अलीकडे मागचं चाक बसलं. पाना लावला तर एक नट काही केल्या हलेना. पान्यावर पाय देऊन उभा राहिलो, तेव्हा कट्‌ असा आवाज आला आणि नट पोटात स्टडाचा तुकडा घेऊन रस्त्यावर घरंगळत गेला. तीन नटांवर स्टेपनी लावली, रांगत एरंडोल गाठलं, गाडी ओळखीच्यांकडे सोडली आणि लग्नाला एसटीने गेलो. सासरे रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत.

नंतर तो नट हातात घेऊन नीट पाहिला, तर तो माझ्या गाडीचा नव्हताच! महिन्यापूर्वी एका टायरच्या दुकानात चाकं अदलाबदल करून घेतली होती. तिथे शेजारी दुसरी गाडी खोललेली होती आणि दोन्हीचे नट एकाच डब्यात. मारुतीच्या छोट्या गाड्यांचे स्टड 12 मिलिमीटर जाडीचे आणि 1.25 च्या आट्यांचे, म्हणजे दोन आट्यांत 1.25 मिलिमीटर अंतर असलेले, असतात. ह्युंदाईचे 12 चेच, पण आटे 1.5 चे. दिसायला जुळे भाऊ. 1.5 चा नट 1.25 च्या स्टडावर एक-दोन फेरे जातो आणि अडतो. हाताने लावणारा माणूस तिथे थांबेल, पण एअर गन, म्हणजे दुकानातला हवेवर चालणारा पाना, थांबत नाही, ती आटे खात नटाला आत नेते. म्हणून तुमचे तुटून आलेले नट फेकू नका. आत अडकलेला तुकडा निघत असेल तर काढा आणि उरलेल्या चांगल्या स्टडावर ते बोटांनी शेवटपर्यंत फिरतात का बघा. फिरत नसतील तर चोर सापडला.

तुटलेला भागही उन्हात धरून बघा. पूर्ण तोंड ताजं, दाणेदार चकाकत असेल किंवा पिळवटल्यासारखं दिसत असेल, तर तो जादा आवळल्याने किंवा खोलताना जोर पडल्याने एका झटक्यात गेला. पण तोंडाचा एक भाग काळपट-तांबूस, गुळगुळीत, नदीकाठच्या वाळूवर पाण्याच्या रेषा उमटतात तशा रेषांचा, आणि उरलेला भाग ताजा असेल, तर तो स्टड आतून कधीचाच तडकत आला होता. नट ढिला राहिला की असं होतं: चाक किंचित हलत राहतं आणि स्टड रोज थोडा थोडा वाकून थकतो. दुसरा प्रकार दिसला तर दोनच बदलून भागणार नाही. शेजारच्या दोघांनीही तेवढाच मार खाल्लेला असतो, तेव्हा त्या चाकाचे चारही नवे टाका. स्टड ही काही महाग वस्तू नाही.

आता मुख्य गोष्ट. स्टड हबच्या मागून पुढे दाबून बसवलेला असतो. त्याच्या मानेवर उभ्या बारीक कंगोऱ्या असतात, त्या हबच्या भोकात रुततात, म्हणून नट आवळताना तो जागच्या जागी फिरत नाही. म्हणजे तो काढायचा मागे आणि नवा घालायचा मागूनच. मागच्या चाकाला माझ्या गाडीत ड्रम आणि हब एकच आहे. मधलं टोपण आणि मोठा नट काढला की ड्रम हातात येतो, बाकावर ठेवून आरामात काम करता येतं. पुढच्या चाकाला हब बेरिंगमध्ये घट्ट बसलेला असतो आणि त्याच्या मागे लगेच नकल, म्हणजे बेरिंग ज्यात बसतं तो जाड लोखंडी भाग, आणि डिस्कमागचा पत्रा.

तेव्हा चाक, कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून धरणारा ब्रेकचा चिमटा) आणि डिस्क काढून झाल्यावर टॉर्च घेऊन मागून बघा. हब हाताने सावकाश फिरवा. बऱ्याच गाड्यांत नकलला एखाद्या ठिकाणी खाच असते, तिथे स्टडाचं डोकं मागे सरकायला वाव मिळतो. आणि मोजायची ती जुन्या स्टडाची लांबी नव्हे, नव्याची. इथेच लोक फसतात. जुना कापून, तुकडे करून कसाही बाहेर काढता येतो, पण नवा पूर्ण लांबीचाच आत घालावा लागतो. नवा स्टड तिरका धरून त्या फटीतून भोकात शिरेल का, हे जुन्याला हात लावण्याआधी करून बघा. पत्रा थोडा वाकवून जागा होत असेल तर वाकवा, नंतर सरळ करा.

जागा नसेलच, तर हब प्रेसवर दाबून बेरिंगमधून काढावा लागतो, आणि त्यात बेरिंग बहुतेक वेळा कामातून जातं. म्हणजे तुमचा गॅरेजवाला सरसकट फसवतोय असं मी म्हणणार नाही. फक्त त्याला विचारा: हबच्या भोकांना काही झालंय का? भोकं चांगली असतील तर हब तोच राहू शकतो. नवे स्टड आणि नवं बेरिंग पुरे. नकल सुटी करून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. हे काम घरी करू नका, मीही करत नाही.

जागा आहे असं धरून पुढे सांगतो.

आपल्याकडच्या काळ्या मातीत जॅक रुततो, तेव्हा खाली शहाबादी फरशीचा तुकडा किंवा जाड फळी घ्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक ओढलेला, आणि उरलेले दोन नट चाक जमिनीवर असतानाच सैल करून ठेवायचे. जॅकवर विसंबून हात आत घालायचा नाही, खाली स्टँड हवाच. कॅलिपर ब्रॅकेटसकट काढायचा. तो पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा, आणि घरातल्या कुणालाही ब्रेक दाबू देऊ नका. माझ्या पुतण्याला स्टिअरिंगवर बसायची भारी हौस, त्याला मी आधी रसवंतीवर पिटाळलं होतं. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसा. डिस्क गंजून चिकटली असेल तर तिच्यावर बहुधा दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट आवळत गेलं की डिस्क आपोआप सुटून येते.

जुना स्टड काढताना लोक सरळ घण घालतात. माझ्या मागच्या ड्रमवर मीही हातोडाच उगारला होता. गल्लीतल्या आबांनी, त्यांचं आयुष्य ट्रकच्या कामात गेलंय, जागच्या जागी ओरडून थांबवलं: "हळू ठोक रे भो, बेरिंग मरी जाई!" मग त्यांनी ड्रमखाली, स्टडाच्या अगदी कडेला, जाड पाइपाचा तुकडा टेकू म्हणून दिला. ड्रम बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो, अधांतरी मारला तर तडकतो. टेकू दिल्यावर तीन घावांत स्टड खाली पडला. तुमच्या पुढच्या हबला असा टेकू देता येत नाही, प्रत्येक घाव बेरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि रिंगवर बारीक खड्डे पडतात. आज काही कळत नाही, महिन्याभराने साठच्या वेगाला घूं घूं सुरू होतं. म्हणून पुढे शक्यतो सी-क्लॅम्प किंवा बॉल जॉइंटचा पुलर वापरा. मागे डोक्याभोवती पान्याची मोठी गोटी (सॉकेट), म्हणजे डोकं तिच्या पोकळीत सरकेल, पुढून स्क्रू, आणि सावकाश दाब. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं तर बरं.

नवा स्टड आणताना जुना खिशात टाकून न्या. आटे, लांबी आणि कंगोऱ्यांची जाडी, तिन्ही जुळायला हवं. कंगोऱ्या जरा बारीक असल्या तर स्टड भोकात फिरेल आणि पुढच्या पंक्चरला रस्त्यावर रडवेल. कुणी म्हणालं "स्टड मिळत नाही, वेल्डिंग मारून देतो," तर हात जोडून निघा. स्टडाचं पोलाद उष्णता देऊन कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या आचेने तो कडकपणा बिघडतो.

आता तो ओढून बसवायचा. नवा स्टड मागून घाला आणि त्याच्या कंगोऱ्या भोकातल्या जुन्या खाचांत बोटांनी फिरवून जुळवा, जुळलं की बोटांना कळतं. पुढून चार-पाच जाड वायसर चढवा, भोक 12 पेक्षा थोडं मोठं असलेले. वायसरांमध्ये आणि आट्यांवर ग्रीस लावा. मग जुना पण आटे शाबूत असलेला नट उलटा, म्हणजे सपाट बाजू वायसरकडे करून लावा. नवा नट यात खर्ची घालू नका. हब फिरू नये म्हणून बाकीच्या दोन स्टडांवर नट चढवा आणि त्यांच्यामध्ये टॉमी (लांब लोखंडी दांडा) अडकवून तिचं टोक जमिनीला टेकवा. आता लांब पान्याने सावकाश आवळत जा. एअर गन नाही. सुरुवातीला जड पण एकसारखं जातं, स्टड दाणादाणाने पुढे येतो, आणि एका क्षणी पाना एकदम दगडासारखा अडतो. तिथे थांबा. मागून टॉर्च मारा: डोकं हबला सगळीकडून चिकटलेलं दिसलं पाहिजे, कागदसुद्धा सरकता कामा नये. एका बाजूला फट दिसली तर तिरका बसलाय, काढा आणि पुन्हा जुळवा. अर्धवट बसलेला स्टड नंतर गाडी चालताना उरलेलं अंतर आत सरकतो आणि तुमचा आवळलेला नट ढिला पडतो.

स्टड फ्रीजरमध्ये ठेवून मग बसवा असंही लोक सांगतात. मी ठेवला होता, आमरसाच्या डब्याशेजारी. हिशोब केला तर आपल्या मेमधल्या 44 अंशांवरून उणे 18 वर नेल्यावर तेवढ्या जाडीचं पोलाद एक शतांश मिलिमीटरच आकसतं. फार काही पदरात पडत नाही, वर घरच्यांचा ओरडा मिळतो.

सगळं जोडण्याआधी स्टडांवरचं ग्रीस पेट्रोलच्या फडक्याने पुसून काढा. वंगण लावलेले आटे तेवढ्याच जोरात जास्त ताणले जातात. डिस्क आणि रिम जिथे टेकतात तो भाग तारेच्या ब्रशने घासा. कॅलिपर चढवला की त्याचे बोल्ट नीट आवळा आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबून घ्या. चाकाचे नट आधी बोटांनी, निमुळती बाजू रिमकडे, मग समोरासमोरचे आळीपाळीने, आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर.

किती जोर? छोट्या मारुतीला साधारण 85 ते 100 न्यूटन-मीटर, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत बघून घ्या. टॉर्क रेंच नसेल तर कापूस मोजायचा लटकता काटा घरात असेलच. पान्याच्या दांड्यावर, नटाच्या मध्यापासून बरोबर 40 सेंटिमीटरवर काटा अडकवा आणि दांड्याला काटकोनात सावकाश ओढा. काट्यावर 22 किलो म्हणजे जवळपास 85, आणि 25 किलो म्हणजे जवळपास 100. पान्यावर उभं राहणारा माणूस तिथे सत्तर किलो टाकतो, म्हणजे जवळपास तिप्पट. मग स्टड तुटतात यात नवल ते काय.

50 ते 100 किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा त्याच काट्याने तपासा. तोवर गावातल्या गावात फिरवा, तोरणमाळचा घाट नको. आणि डिस्क काढून झाल्यावर मागच्या जागेचा फोटो, शेजारी नवा स्टड धरून, इथेच खाली टाका. शिरेल की नाही ते बघून सांगतो.