१७७६ ते १७८९ या काळात अमेरिकेचं सरकार नेमकं कोण चालवत होतं?

स्वातंत्र्य जाहीर झालं जुलै १७७६ मध्ये आणि वॉशिंग्टनने अध्यक्षपदाची शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ ला, मग मधली तेरा वर्षं कारभार कोणाकडे होता, असा तुमचा प्रश्न आहे. कारभार तेरा राज्यांकडे होता, ज्याचा त्याच्याकडे. वर राज्यांच्या प्रतिनिधींची काँग्रेस नावाची सभा होती खरी, पण तिच्या हाती मागण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

ही राज्यं म्हणजे आधीच्या इंग्लंडच्या राजाच्या वसाहती; त्यांना सरकार शून्यातून उभं करावं लागलं नाही. व्हर्जिनियात तर निवडून आलेली सभा १६१९ पासून होती, आणि स्थानिक कर बसवायची सवय या सभांना जुनीच होती. इंग्लंडशी युद्ध पेटल्यावर राजाचे गव्हर्नर गेले, सभा राहिल्या. मे १७७६ मध्ये काँग्रेसने वसाहतींना आपापलं सरकार उभारायला सांगितलं. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड यांनी राजाने दिलेली जुनी सनदच पुढे चालवली. मॅसॅच्युसेट्समध्ये १७७८ चा मसुदा गावसभांनी फेटाळला. मग त्यासाठीच खास घटनासभा निवडली गेली आणि १७८० मध्ये घटना मंजूर झाली. ती आजही लागू आहे.

युद्धाचा निकाल १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनच्या शरणागतीने लागला, आणि तोही फ्रेंच आरमाराच्या जोरावर. (शरण आलेला कॉर्नवॉलिस तोच, जो पुढे गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला मराठ्यांच्या फौजेसोबत उभा होता.)

राज्यांना बांधणारा करारनामा म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’. काँग्रेसने तो नोव्हेंबर १७७७ मध्ये मंजूर केला, पण लागू व्हायला मार्च १७८१ उजाडला. व्हर्जिनियासारखी राज्यं पश्चिमेच्या जमिनींवरचा हक्क सोडत नाहीत तोवर मेरीलँड सही करेना. नियम असे: राज्य लहान असो की मोठं, मत एकच. मोठ्या निर्णयाला तेरापैकी नऊ मतं. कलम बदलायचं तर तेराच्या तेरा. कर बसवायचा अधिकार नाही, देशाचा कार्यकारी प्रमुख नाही. ‘अमेरिकेचा खरा पहिला अध्यक्ष जॉन हॅन्सन’ असा जो मजकूर फिरतो, तो हॅन्सन या सभेचा अध्यक्ष होता, देशाचा नव्हे.

माझ्या मते सगळं अडलं ते पैशावर. काँग्रेस राज्यांना वाटा ठरवून द्यायची आणि राज्यं त्यातला थोडासाच भरायची. १७७५ पासून २० कोटी डॉलरहून अधिकच्या नोटा छापल्या गेल्या. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच ४० कागदी डॉलर बरोबर १ चांदीचा, असा भाव मान्य केला. मग १७८१ मध्ये आयात मालावर ५ टक्के जकातीचा प्रस्ताव आला. बारा राज्यं अनुकूल होती, एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि प्रस्ताव बारगळला. दुसऱ्या प्रयत्नाला १७८६ मध्ये न्यूयॉर्कने खोडा घातला. तिथल्या बंदराची जकात राज्याच्या तिजोरीत जात होती, ती कोण सोडणार?

साधी हजेरी भरायचीही मारामार होती. इंग्लंडशी युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहावर ३ सप्टेंबर १७८३ ला सह्या झाल्या. सहा महिन्यांत मंजुरीच्या प्रती एकमेकांना द्यायच्या होत्या आणि मंजुरीला नऊ राज्यं हवी होती. काँग्रेस तेव्हा अ‍ॅनापोलिसला भरत होती, तिथे डिसेंबरात जेमतेम सात राज्यं हजर. एका राज्याच्या मताला किमान दोन प्रतिनिधी लागत. दक्षिण कॅरोलायनाचा एक जण फिलाडेल्फियात आजारी पडला, तर त्याच्याकडेच जाऊन सभा भरवावी अशीही सूचना निघाली. अखेर तो आला आणि १४ जानेवारी १७८४ ला तह मंजूर झाला. प्रती मात्र मुदत उलटल्यावरच पोचल्या. इंग्रजांनी हरकत घेतली नाही म्हणून निभावलं.

१७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्जात आणि करात बुडालेल्या शेतकऱ्यांनी कोर्टं बंद पाडायला सुरुवात केली. काँग्रेसकडे ना फौज ना पैसा. बंड मोडायला जी फौज उभी राहिली, ती बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या पैशातून. त्यानंतर बड्या मंडळींचा धीर सुटला.

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्यांना काम दिलं होतं करारनाम्याच्या दुरुस्तीचं. त्यांनी करारनामा बाजूला ठेवून नवी घटनाच लिहिली. ५५ जण आले, ३९ जणांनी सह्या केल्या, ऱ्होड आयलंडने कोणी पाठवलंच नाही. लहान राज्यांसाठी सिनेटमध्ये समान जागा, मोठ्यांसाठी दुसऱ्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे, आणि तिथेही गुलाम माणूस मोजायचा तीन पंचमांश. केंद्राला कर थेट बसवता येऊ लागला, राज्यांपुढे हात पसरणं संपलं. खरी मेख शेवटच्या कलमात होती: नऊ राज्यांची मंजुरी मिळाली की त्या नऊंपुरती घटना लागू, आणि मंजुरी विधानसभांनी नव्हे, खास निवडलेल्या सभांनी द्यायची. तेराच्या तेरा मतांची अट त्यांनी सरळ ओलांडली. जुन्या नियमाने हे बेकायदाच होतं, असं माझं मत.

नववं राज्य न्यू हॅम्पशायर, जून १७८८. न्यूयॉर्क आलं ३० विरुद्ध २७ मतांनी. ऱ्होड आयलंड वॉशिंग्टनच्या शपथविधीनंतरही वर्षभर बाहेरच. मे १७९० मध्ये सिनेटने त्याच्याशी व्यापार तोडायचं विधेयक मंजूर केलं, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला तिथे घटना मंजूर झाली, ३४ विरुद्ध ३२.