बोअरचं पाणी आणि निऑनचा मोह

प्रश्न : काका, बार्शीत दहा बाय बाराचं पेट शॉप काढलंय. पाणी बोअरचं. माशांच्या सहा टाक्या लावतोय. कमाई देणारे मासे कोणते?

उत्तर : आधी घरातल्या पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर किती धरतो ते बघा. जाड असेल तर पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं; मग निऑन टेट्रा या चमकत्या छोट्या माशाचा नाद सोडा, त्याला मऊ, कमी क्षारांचं पाणी लागतं. पहिल्याच खेपेला मी कुर्ल्याहून १०० निऑन आणले होते. आठवड्यात २२ उरले. बायको अजून टोमणा मारते.

जड पाणी गप्पी आणि मॉलीला मात्र मानवतं. गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्लं घालते, म्हणजे माल घरचाच. चार टाक्या त्यांनाच द्या. फायटर मासा पाण्याच्या वर येऊन हवा घेतो, त्याला पंप लागत नाही. पण नर एकेकटाच ठेवा आणि शेजारच्या बरण्यांमध्ये पुठ्ठा लावा, नाहीतर दिवसभर कल्ले फुलवून एकमेकांवर धावतात.

गोल्डफिश सगळेच मागतात. एक टाकी ठेवा, पण काचेच्या वाडग्यासाठी विकू नका. घाण फार करतो; आठ दिवसांत गिऱ्हाईक मेलेला मासा पिशवीत घेऊन दारात. सहावी टाकी रिकामीच असू द्या, नवा माल दोन आठवडे तिथे वेगळा ठेवा, म्हणजे रोग असेल तर बाकीच्यांना लागत नाही. आणि हो, माझा गल्ला भरतो तो खाद्य नि फिल्टरवर.