ऑडिओग्राम पहिल्यांदाच बघतोयस ना, मग आधी डेसिबल समजून घे

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढ, शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. ऑडिओग्रामवरचं, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावरचं, शून्य म्हणजे चांगलं ऐकू येणाऱ्या तरुण माणसांना जेमतेम ऐकू येतो तेवढा आवाज, त्यामुळे एखाद्याचं उत्तर उणे 5 आलं तरी मशीन बिघडलेलं नसतं. आणि डेसिबल साध्या बेरजेसारखे चालत नाहीत रे, 10 डेसिबल वाढले की तीव्रता 10 पट होते, 20 वाढले की 100 पट, पण कानाला मात्र 10 डेसिबलला साधारण दुप्पटच मोठा वाटतो, इथेच सगळे गोंधळतात, मीही बरेच दिवस गोंधळलो होतो.

आलेख वाचणं सोपंय. आडवे हर्ट्झ, म्हणजे फ्रिक्वेन्सी, आवाज किती जाड की बारीक ते, बहुतेक 250 ते 8000, उभे डेसिबल, लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा. खूण जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. आलेखाच्या उजव्या बाजूला, बारीक आवाजांकडे, रेषा घसरलेली दिसली तर त्या माणसाला आवाज येतो पण 'सात' की 'हात' ते कळत नाही, कारण 'स'ची ऊर्जा वरच्या फ्रिक्वेन्सीत असते. घरचे म्हणतात लक्ष देत नाही, तसं नसतं हो ते, खरंच.

टेस्ट घेताना बीप ऐकू आली की आवाज 10 डेसिबलने कमी, नाही आली की 5 ने जास्त. बीप एका ठेक्यात देऊ नकोस, समोरचा अंदाजाने बटण दाबायला लागतो.