आठ वर्षांच्या मुलीची कार्टव्हील (हात टेकून बाजूने मारायची कोलांटी) एकदा छान येते, एकदा कोसळते. रोज शंभर मारून घेतल्या तर पक्की होईल का?

शंभरचा आकडा कुणी सांगितला तुम्हाला? तिच्या सरांनी सांगितला असेल तर सर बदला.

माझी धाकटी बहीण दहा वर्षांची असताना मे महिन्याच्या जिम्नॅस्टिक्स शिबिरात जायची. कार्टव्हील वाकडी पडली की तिथले सर म्हणायचे, "अजून मार, घाम निघू दे." शेवटी शेवटी पोरींची कोपरं वाकायची, पाय डोक्यावरून जायच्या ऐवजी बाजूने फिरायचे, तरी मारणं चालूच. घरी जेवून उठताना बहीण तळहात टेकायची नाही, मूठ टेकायची. मी ते बाबांना दाखवलं. "दुखल्याशिवाय अंगात काही येत नाही," असं म्हणून ते पेपर वाचायला लागले. आईनेच तिला डॉक्टरांकडे नेलं. मनगटाजवळ हाड जिथून वाढतं, त्या कोवळ्या भागावर ताण आला होता. पुढचे कित्येक आठवडे हातावर भार द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

बाबा आजही म्हणतात, तेव्हा थांबवली नसती तर पोरगी राज्य पातळीवर खेळली असती. वर जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचा दाखला देतात. अहो, 2016 साली रिओ ऑलिंपिकला प्रोदुनोव्हा ही अवघड उडी मारून दीपा चौथी आली तेव्हा 23 वर्षांची होती. तिची हाडं वाढून पक्की झालेली. दहा वर्षांच्या पोरीचं मनगट त्या मापाने मोजायचं?

शिवाय दमल्यावर मारलेली कार्टव्हील वाकडीच येते आणि तीच अंगवळणी पडते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना एकच नियम आहे: ओळीने दोन बिघडल्या की त्या दिवशी कार्टव्हील बंद.

तुमच्या मुलीचे दोन्ही हात बहुतेक एकदम टेकत असतील. लहान मुलांची कार्टव्हील कधी येते, कधी येत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. डोळे मिटून ऐका. हात, हात, पाय, पाय असे चार ठोके वेगवेगळे आले पाहिजेत. मॅटवर खडूने सरळ रेघ मारा आणि त्या रेघेवर हाताचे दोन पंजे काढा. दुसऱ्या पंजाची बोटं पहिल्या पंजाकडे वळलेली हवीत. नजर हातांवर, कोपरं ताठ, खांदे कानांना लागलेले. उतरताना तोंड जिथून निघाली तिकडे. कंबर डोक्यावर येतच नसेल तर कार्टव्हील बाजूला ठेवा आणि पोट भिंतीकडे करून हँडस्टँड, म्हणजे हातांवर उभं राहणं, करून घ्या. खांद्यात जोर आला की निम्मं काम झालं.

हे तिला न बघता लिहितोय, त्यामुळे चूक दुसरीच असू शकते. जाणत्या प्रशिक्षकाला एकदा दाखवा. फरशीवर किंवा गच्चीत नको, मोजे घालून तर मुळीच नको. आधी मनगटं नीट मोकळी करून घ्या. मनगट दुखतं म्हणाली तर स्प्रे मारून परत उभी करू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आधार देताना पाय धरून ओढू नका. तिच्या पाठीच्या बाजूला उभं राहून कंबर धरा.