पांढरी कॉलनी म्हणजे इन्सर्ट असेलच असं नाही

पीयूसी१९ या प्लास्मिडमध्ये (छोटा गोल डीएनए) इन्सर्टचं, म्हणजे हव्या त्या डीएनए तुकड्याचं, लायगेशन (जोडणी), मग ते डीएच५ अल्फा या ई. कोलाय जातीच्या पेशींत, मग अँपिसिलिन-एक्सगॅल प्लेट, पांढऱ्या कॉलन्या भरपूर. प्लास्मिडमधला लॅकझेड-अल्फा जीन शाबूत असेल तर एक्सगॅलमुळे कॉलनी निळी होते, इन्सर्टने तो तोडला की पांढरी. पण मिनिप्रेपमध्ये (पेशींतून प्लास्मिड वेगळं काढण्यात) प्लास्मिडच नाही. तुमची ही तक्रार फार ओळखीची आहे.

त्या कॉलन्या बारीक आणि मोठ्या कॉलनीभोवती कडं करून होत्या का? मग त्या सॅटेलाइट. मोठ्या कॉलनीतून बीटा-लॅक्टमेज, म्हणजे प्लास्मिडच्या जीनमुळे बनणारं अँपिसिलिन तोडणारं एन्झाइम, बाहेर पडतं, आजूबाजूचं अँपिसिलिन संपतं आणि तिथे प्लास्मिड नसलेल्या पेशी उगवतात. लॅकझेड-अल्फा नाही, म्हणून पांढऱ्या. पीबीआर३२२ या जुन्या प्लास्मिडच्या पेशीमागे १५-२० प्रती असतात. पीयूसीत प्रतींना आवर घालणारा रॉप जीन नाही, शिवाय ओरिजिनमध्ये (जिथून प्रत बनायला सुरुवात होते) एका बेसचा बदल आहे, त्यामुळे प्रती शेकड्यांनी आणि एन्झाइमही तितकंच जास्त. प्लेट ३७ अंशांवर १६-१८ तासांत बाहेर काढा. परवडत असेल तर अँपिसिलिनऐवजी त्याच्याच जातीचं कार्बेनिसिलिन वापरा, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. ते इतक्या लवकर तुटत नाही.

माझा खरा राग तयार प्लेट पुरवणाऱ्या एका विभागावर आहे, नाव नको. प्लेटवर ओतल्याची तारीख नाही, अगार किती गरम असताना अँपिसिलिन घातलं विचारलं तर उत्तर एकच, "नेहमीसारखं". अहो, ५०-५५ अंशांपर्यंत उतरलेल्या अगारमध्येच ते घालायचं असतं, आणि ४ अंशांवर ठेवलेली प्लेटही मी चार आठवड्यांपलीकडे वापरत नाही. अशा प्लेटांपायी आठवडेच्या आठवडे वाया जातात आणि दोष मात्र लायगेजला (डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमला)! प्रत्येक बॅचच्या एका प्लेटवर प्लास्मिड न घातलेल्या पेशी पसरा. काही उगवलं तर ती बॅच फेकून द्या.

कॉलनी मोठी, पांढरी, प्लास्मिडही आहे, पण जेलवर आकार तोच २६८६ बेसजोड्यांचा? मग बहुधा प्लास्मिडची कापलेली टोकं एक्सोन्यूक्लिएजने (टोकाकडून डीएनए खाणाऱ्या एन्झाइमने) कुरतडली. एखादा बेस गेला तरी फ्रेम, म्हणजे तीन-तीन बेसांनी जीन वाचायची चौकट, सरकते आणि लॅकझेड-अल्फा मरतो. अँपिसिलिनचा जीन दुसरीकडे असल्याने प्रतिकार शाबूत राहतो. नुसता व्हेक्टर (इथे पीयूसी१९) इन्सर्टशिवाय कापून परत जोडा आणि त्यातून किती पांढऱ्या येतात ते पाहा.

फिकट निळ्याही टाकू नका. छोटा इन्सर्ट फ्रेममध्ये बसला आणि मध्ये स्टॉप कोडॉन (वाचन थांबवणारी खूण) नसेल तर थोडा रंग येतोच. प्लेट दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवली की निळा गडद होतो, निवड सोपी जाते.

नुसती अँपिसिलिन-एक्सगॅल प्लेट डीएच५ अल्फाला चालते. जेएम१०९ ही जात असेल तर प्लेटमध्ये आयपीटीजी (लॅकझेड सुरू करणारं रसायन) हवंच.

आणि शंका असलेली कॉलनी आधी ताज्या अँपिसिलिन प्लेटवर स्ट्रीक करा (रेघ ओढून पसरा). सॅटेलाइट तिथे उगवणार नाही. मिनिप्रेपचं किट त्यानंतर उघडा.