खुराड्याचं दार बंद असतं, तरी रात्री कोंबड्या मरतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय, की देवरुखजवळच्या घरी परसात खुराडं आहे, लाकडी चौकटीला जाळी मारलेली, दार रोज तिन्हीसांजेला बंद होतं. तरी लागोपाठ तीन गावठी कोंबड्या गेल्या. धड आतच पडलेलं आणि मुंडकं गायब. शेजारी करणीचं बोलतायत आणि तुम्ही विचारताय, कुत्रा पाळू की रात्रभर दिवा ठेवू?

करणी वगैरे काही नाही. जाळी कसली आहे ते बघा. दुकानात कोंबडीजाळी म्हणून षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी मिळते, बहुधा तीच असणार. ती दिवसा कोंबड्या आवरायला ठीक आहे, रात्री तिचा भरवसा धरू नये. तुमच्याकडे तर जनावराला आत शिरायचीही गरज पडलेली दिसत नाही. कोंबडीला अंधारात फारच कमी दिसतं. एकदा बसली की पहाटेपर्यंत ती जागची हलत नाही. बसायचा बांबू जाळीला खेटून बांधला असेल, तर तिची मान अगदी भोकाशी येते. बाहेरून पंजा नाहीतर तोंड घालून मुंडकं ओढलं जातं, धड भोकातून निघत नाही, ते तिथेच राहतं. बांबूच्या उंचीला जाळी नीट तपासा. पिसं आणि वाळलेलं रक्त चिकटलेलं असेल, तारही बाहेरच्या अंगाला फुगलेली असेल.

आपल्या भागात असं काम बहुतेक रानमांजर किंवा कांडेचोर, म्हणजे उदमांजर, करतो. खात्री हवी असेल तर रात्री खुराड्याभोवती चुलीतली राख चाळून पसरा आणि उजाडल्यावर पाय पडायच्या आत बघा. मांजराच्या ठशात चार बोटं उठतात, नखं उठत नाहीत. कुत्र्या-कोल्ह्याच्या ठशातही बोटं चारच, पण नखं दिसतात. कांडेचोराची आणि मुंगसाची बोटं पाच. मुंगूस मात्र दिवसाचा चोर, त्याच्यावर रात्रीचा आळ घेऊ नका. अख्खी कोंबडी नाहीशी झाली आणि बाहेर पिसांची रांग दिसली तर कोल्हा किंवा कुत्रा. भटकी कुत्री आत शिरली तर एक मारून थांबत नाहीत, दिसेल ती फाडतात आणि न खाता टाकून जातात. अंगावर जखम नसलेली कोंबडी मेलेली आढळली आणि अंडीही गेलेली असली, तर नागाचा संशय धरायचा.

आता कामाचं बोलू. अर्धा इंच चौकोनी भोकांची, जोड दिलेल्या जाड तारेची जाळी घ्या. दुकानात वेल्डमेश मागा. महाग पडते, पण त्या भोकातून पंजा आत जात नाही, घूस शिरत नाही, मोठा सापही नाही. सगळ्या भिंतींना परवडत नसेल तर निदान खालचे तीन फूट आणि बांबूच्या उंचीचा पट्टा तिने झाका. नुसत्या खिळ्यांवर जाळी अडकवू नका. वरून लाकडी रीप ठेवून स्क्रूने आवळा, नाहीतर कोपरा उचकटून काढायला जोरदार जनावराला वेळ लागत नाही. आणि बांबू जाळीपासून हातभर आत घ्या. हे शेवटचं काम फुकटातलं आहे, आजच करून टाका.

खालून उकरून येणाऱ्यांसाठी चिऱ्याचा एक थर देऊन त्यावर चौकट बसवणं उत्तम. ते जमत नसेल तर जाळी भिंतीच्या तळापासून बाहेरच्या अंगाला दीड-दोन फूट जमिनीवर आडवी पसरा आणि वर माती-दगड टाका. कोल्हा-कुत्रा अगदी भिंतीलगत उकरायला लागतो आणि जाळी लागली की त्याला मागे सरून उकरायचं सुचत नाही. पावसाळ्यात माती मऊ होते, तेव्हाच हे जास्त घडतं. त्याच पावसात जाळीचा तळ गंजून भुगा होतो, म्हणून वळवाच्या आधी खालच्या वीतभर तारेला डांबर फासून घ्यायचं.

कौलं असतील तर वर लक्ष द्या. कांडेचोर झाडावरून छपरावर येतो आणि सैल कौल सरकवून आत उतरतो. कौलांखाली तीच जाळी ठोका आणि छपरावर आलेली फणसाची फांदी तोडा. पण हवा कोंडू देऊ नका. सगळीकडून प्लास्टिक बांधून खुराडं गच्च केलं की विष्ठेच्या वाफेनं कोंबड्यांचे डोळे आणि छाती धरते. दाराला नुसती खुंटी नको, वर-खाली दोन कड्या हव्यात.

उरलेला भात आणि मासळीची घाण खुराड्याजवळ टाकत असाल तर ते बंद करा. त्यावर घुशी आणि उंदीर येतात, उंदरांमागे साप. दाणे पत्र्याच्या डब्यात ठेवा, अंडी संध्याकाळीच उचला. अंधारात हात घालायचा नाही. आधी बॅटरी मारायची, मग हात. आपल्याकडे फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत आणि ती कोंबडीसाठी नसली तरी उंदरासाठी येतात. खुराड्याभोवती फिनेल नाहीतर कार्बोलिक शिंपडून साप थांबतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या वासावर विसंबून राहू नका.

कुत्रा भुंकून जागं करतो एवढाच त्याचा उपयोग. बिबट्या फिरत असेल तर बाहेर बांधलेला कुत्राच आधी जातो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याला जनावरं सरावतात आणि कोंबड्यांची झोप मोडते ती वेगळीच.

कुणी विषाचा तुकडा ठेवायला, फास लावायला किंवा तारेत घरचा करंट सोडायला सांगेल. अजिबात करू नका. रानमांजर, मुंगूस, नाग, बिबट्या यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, त्यांना मारणं गुन्हा आहे. करंटच्या तारेला तर घरचीच माणसं चिकटून मेली आहेत. आत साप किंवा मोठं जनावर अडकलेलं सापडलं तर वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे. ते लोक येईपर्यंत दार ओढून लांब राहा.

एखादी कोंबडी फणसावर चढून बसत असेल तर तिला चार-पाच दिवस खुराड्यातच कोंडून ठेवा, मग दिवेलागणीच्या जरा आधी आत मूठभर कणी टाकायची सवय लावा. बाकीच्यांच्या मागून तीही येते. कणी टाकताना कोंबड्या मोजून घ्यायच्या. पहाटे घाईनं दार उघडू नका, रानमांजर फटफटायच्या वेळीही फिरत असतं.

जाळी आणायला देवरुखला नाहीतर रत्नागिरीला जावं लागेल, त्यात दोन-चार दिवस जातील. तोवर उरलेल्या कोंबड्या रात्री पडवीत आणा आणि पडवी उघडी असेल तर माजघरात. डालग्याखाली झाकून वर पाटा ठेवा. घाण होईल, सकाळी शेणाने सारवून घ्या.