टोकियोत कुणी फिरवणारं असेल तर त्याला यादी देऊ नका

या वेळच्या पत्रांमध्ये टोकियोचे प्रश्न बरेच आलेत आणि सगळ्यांचा मुद्दा फिरून एकच, की तिथलं कुणीतरी माणूस आपल्याला शहर दाखवणार आहे तर तो वेळ नीट कसा वापरायचा. म्हणून बाकीचे देश पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, कोल्हापुरात आमचं कापडाचं दुकान आहे. नोव्हेंबरमध्ये आठवडाभर टोकियोला जातोय. भाच्याच्या ऑफिसमधले एक जपानी गृहस्थ, वय साठीच्या आसपास, रविवारी पूर्ण दिवस आम्हाला फिरवायला तयार झालेत. आम्ही चौदा ठिकाणांची यादी केली आहे, ती आधीच पाठवावी का? आणि खर्चाचं काय करायचं, ते पैसे घेतील का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : यादी पाठवू नका. अगदी मनापासून सांगते, नका पाठवू. तुम्ही पाठवली की ते गृहस्थ ती जबाबदारी म्हणून अंगावर घेतील, ट्रेनच्या वेळा मिनिटावर जुळवतील आणि चौदाच्या चौदा ठिकाणं दाखवूनच तुम्हाला हॉटेलवर सोडतील, मधे कुठे टेकायला मिळणार नाही. जमणार नाही असं तोंडावर सांगायची तिथे पद्धत नाही, फार तर 'जरा अवघड आहे' म्हणतील, आणि ते तसं म्हणाले की विषय सोडून द्यायचा, आपल्याकडच्यासारखा 'अहो बघा की' असा आग्रह धरायचा नाही.

तुमच्या यादीतला स्कायट्रीचा मनोरा, शिबुयाचा चौक, सेन्सोजी देऊळ हे सगळं तुमचं तुम्हाला आरामात जमेल. यामानोते नावाची ट्रेनची लाइन गोल फिरते, ३० स्टेशनं आहेत, पूर्ण चक्कर साधारण तासाभराची, पाट्या इंग्रजीत आणि प्रत्येक स्टेशनला नंबर. ट्रेनसाठी वेलकम सुइका कार्ड घ्या, २८ दिवस चालतं, गेटवर टॅप केलं की झालं. उंचावरून शहर बघायचं असेल तर शिंजुकूमध्ये टोकियो सरकारची इमारत आहे, तोचो म्हणतात तिला, तिच्या ४५व्या मजल्यावरून २०२ मीटर उंचीवरून फुकट दिसतं. यासाठी कुणाचा रविवार खर्ची घालायची गरज नाही.

माणूस बरोबर हवा तो पाटीवर न लिहिलेल्या गोष्टींसाठी. म्हणून भाच्याकरवी एवढाच निरोप द्या की तुमचा सुट्टीचा दिवस तुम्ही जसा घालवता तसा आम्हाला बघायचाय, आमचं दुकान आहे त्यामुळे बाजारात रमतो, जिने फार झेपत नाहीत आणि जेवण शाकाहारी आहे. एवढं कळलं की पुढचं त्यांच्यावर सोडा. तुम्ही त्यांच्या आवडीच्या गल्लीत शिरलात की त्यांना बोलायला सुचतं, तुमच्या यादीच्या ठिकाणी तेही तुमच्याइतकेच पाहुणे असतात, कित्येक टोकियोकर स्कायट्रीवर कधी चढलेलेसुद्धा नसतील.

त्यांनीच 'कुठे जाऊया' विचारलं तर यानाका म्हणा. १९२३चा भूकंप आणि त्यानंतरची आग, मग १९४५ची बॉम्बफेक, यात टोकियोचा फार मोठा भाग बेचिराख झाला पण यानाका बऱ्यापैकी वाचलं, म्हणून जुनी लाकडी घरं, बोळ, दर थोड्या अंतरावर देऊळ असं टोकियो तिथे अजून बघायला मिळतं. निप्पोरी स्टेशनच्या पश्चिमेकडून बाहेर पडायचं, थोडं चाललं की उतरत्या पायऱ्या लागतात आणि खाली यानाका गिन्झा, जेमतेम पावणेदोनशे मीटरचा बाजार. चहाची पत्ती विकणारा, चपलावाला, तांदळाची कुरकुरीत सेंबेई विकणारा. दोघंच गेलात तर फोटो काढून वीस मिनिटांत दुसऱ्या टोकाला पोचाल, पण बरोबर भाषा येणारा असला की दुकानदाराशी चार शब्द होतात, दुकान किती वर्षांचं, मुलगा पुढे चालवणार का, माल कुठून येतो, आणि हे प्रश्न तुम्ही विचारायचे, कारण दुकानदारालाच ते सुचतात! जवळच यानाकाचं जुनं कब्रस्तान आहे, शेवटचा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा योशिनोबू याची कबर तिथे आहे. कब्रस्तान म्हणून टाळू नका, चेरीच्या झाडांचा रस्ता आहे आणि आसपासची माणसं रोज तिथून येजा करतात.

आता नोव्हेंबरमध्ये जाताय म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण कापडवाल्याने ही चुकवू नये असं मला फार वाटतं. असाकुसा भागातल्या ओतोरी देवळात तोरी-नो-इची नावाची जत्रा भरते, त्यांच्या पंचांगातल्या कोंबड्याच्या दिवशी (तिथे दिवसांना बारा प्राण्यांची नावं पाळीपाळीने येतात), म्हणजे नोव्हेंबरात दोनदा किंवा काही वर्षी तीनदा, तारीख दरवर्षी बदलते ती बघून घ्या. तिथे बांबूचे सजवलेले पंजे विकतात, कुमादे म्हणतात, पालापाचोळा ओढायच्या दाताळ्याच्या आकाराचे, वर सोनेरी नाणी, मासे, हसरा मुखवटा असं काय काय लावलेलं, अर्थ असा की वर्षभर गिऱ्हाईक आणि पैसा दुकानात ओढला जावा. छोटा तळहाताएवढा असतो आणि मोठा दोन माणसांनी उचलावा लागतो. गंमत पुढे आहे. जपानमध्ये एरवी कुणी भाव करत नाही पण इथे करतात, गिऱ्हाईक दर पाडतं, विक्रेता खाली येतो, सौदा ठरतो, आणि जुन्या चालीचं गिऱ्हाईक जेवढे पैसे सुटले तेवढे विक्रेत्याला बक्षीस म्हणून परत ठेवून देतं. मग ठेल्यावरची सगळी माणसं तुमच्याकडे तोंड करून एका लयीत टाळ्या वाजवतात. पुढच्या वर्षी जुना देवळात परत करायचा आणि थोडा मोठा घ्यायचा, म्हणजे धंदा वाढत जातो. ही टाळी कधी, बक्षीस किती, कुठल्या ठेल्यावर जायचं हे सांगायला तिथला माणूस लागतोच. जत्रा रविवारी येत नसेल तर त्यांना आधी विचारा, कामावरून सुटल्यावर येतील कदाचित, रात्री उशिरापर्यंत चालते.

असाकुसात आहातच तर सेन्सोजीपासून थोडं चालत गेलं की नदीच्या बाजूला मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ लागतं, तिथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपती. मूर्ती दाखवत नाहीत आणि नैवेद्य मुळ्याचा, अख्खा पांढरा मुळा, देवळातच विकत मिळतो. त्या गृहस्थांना सांगा की हा आमच्या घरचा देव, तुमच्या दोघांच्या बोलण्याला एक वेगळीच वाट फुटेल.

पैशांचं. ते मेहनताना घेणार नाहीत आणि देऊही नका, टीप ही गोष्ट तिथे नाहीच. पण आदल्या दिवशीच कळवून टाका की दुपारचं जेवण आमच्याकडून, कारण आयत्या वेळी बिलावरून ओढाताण झाली तर ते अवघडतील. त्यांच्या ट्रेनचं भाडं द्यायचं असेल तर नोटा तशाच हातात ठेवू नका, पाकिटात घालून द्या, सुट्या नोटा देणं बरं दिसत नाही. भेटवस्तू मात्र न्याच. तुमच्याच दुकानातला चांगला सुती टॉवेल किंवा पंचा, सोलापुरी असेल तर उत्तमच, त्यांच्याकडे टॉवेल द्यायची पद्धत आहे. चारचा सेट नको, चार आकडा तिथे अशुभ धरतात. खाऊ न्यायचा तर सुट्या पुड्यांत बांधलेली चिक्की, म्हणजे त्यांना ऑफिसात वाटता येते, ताजी फळं अजिबात नको, विमानतळावरच काढून घेतील. दोन्ही हातांनी द्यायची आणि त्यांनी लगेच उघडून बघितली नाही तर मनाला लावून घेऊ नका, देणाऱ्यासमोर उघडत नाहीत बरेच जण.

भेटायची जागा नक्की करा. शिंजुकू स्टेशनला २०० च्या वर बाहेर पडायचे रस्ते आहेत, 'स्टेशनवर भेटू' म्हणाल तर दोन तास एकमेकांना शोधाल. गेटचं नाव किंवा नंबर मागून घ्या, जमलं तर तिथला फोटो, आणि दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहा. तिथे वेळेवर पोचणं म्हणजे थोडं आधी पोचणं.

प्रश्न : मी २७ वर्षांची, पुण्यात नोकरी करते, एकटीच टोकियोला जातेय. माझ्या ओळखीचं तिथे कुणीच नाही. फुकट फिरवणारे गाइड असतात असं ऐकलं, खरं आहे का आणि सेफ आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : खरं आहे. जपानमध्ये गुडविल गाइड नावाची जुनी व्यवस्था आहे, शहरोशहरी त्यांचे क्लब आहेत, त्यातले पुष्कळ जण रिटायर झालेले किंवा भाषा टिकून राहावी म्हणून येणारे असतात. फी नाही, त्यांचं त्या दिवसाचं भाडं, तिकिटं आणि बरोबर जेवलात तर जेवण तेवढं आपण द्यायचं. निघायच्या आधी दोन-तीन आठवडे तरी मेल टाक, आदल्या दिवशी लिहून कुणी मिळत नाही. मेलमध्ये एकटी बाई आहे, बाई गाइड असेल तर बरं, असं सरळ लिही, त्यात संकोच कसला. आणि ठरलं की रद्द करू नकोस गं, ती व्यक्ती आपला दिवस मोकळा ठेवून येते. अशीच पद्धत इतर शहरांतही आहे, न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून ग्रीटर लोक पाहुण्यांना आपला मोहल्ला फिरवून दाखवतात, तिथूनच ती बाकीच्या देशांत गेली.

आधी अंदाज घ्यायचा असेल तर असाकुसाच्या टुरिस्ट केंद्रापासून सुरुवात कर, सेन्सोजीच्या मोठ्या लाल दाराच्या, कामिनारीमोनच्या समोरच ती लाकडी पट्ट्यांची इमारत आहे, स्वयंसेवकांबरोबरच्या पायी फेऱ्यांची चौकशी तिथे करता येते आणि आठव्या मजल्यावर गच्ची आहे, फुकट.

बाई गाइड मिळाली आणि तुझं तिच्याशी जमलं तर तिला सेंतोला नेशील का विचार. सेंतो म्हणजे वस्तीतलं सार्वजनिक न्हाणीघर, बायकांचं वेगळं. कपडे सगळे काढायचे, छोट्या स्टुलावर बसून आधी साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही आणि केस वर बांधायचे. भिंतीवर बहुतेक फुजी डोंगर रंगवलेला असतो. पहिल्यांदा लाजायला होईल पण पाच मिनिटांत कळतं की तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, आणि आजीबाई गप्पा मारत बसलेल्या असतात, ते वातावरण मला फार आवडतं. नको वाटलं तर नको म्हण, काही बिघडत नाही.

सेफ्टीचं म्हणशील तर शहर सुरक्षित आहे, सकाळच्या गर्दीत बऱ्याच लाइनींना फक्त बायकांचा डबा असतो तो पकड. एकाच गोष्टीत कडक राहा, काबुकिचोसारख्या भागात रात्री रस्त्यावर कुणी गोड बोलून 'चल चांगला बार दाखवतो' म्हणालं तर थांबायचंसुद्धा नाही, आत गेल्यावर अवाच्या सवा बिल लावतात. आपल्याला शहर दाखवायची खरी हौस असलेला माणूस असा रस्त्यात हात धरून नेत नाही, तो आधी नाव, जागा, वेळ सगळं लिहून कळवतो.

प्रश्न : टोकियोतले आमचे जपानी यजमान जेवायला नेणार आहेत. आम्ही मासेसुद्धा खात नाही, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांना वाईट न वाटता कसं सांगायचं? — एक वाचक, सातारा

उत्तर : आठवडाभर आधी सांगा, टेबलावर बसल्यावर नाही, एवढं पाळलं तर त्यांना अजिबात वाईट वाटणार नाही. आणि नुसतं 'शाकाहारी' म्हणू नका, त्याने काम होत नाही. तिथल्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पाणी, ते बहुतेक वेळा सुक्या बोनितो माशाच्या किसाचं असतं, आणि मिसो सूप, सोबा नूडल्सची चटणी, उकडलेली भाजी, अगदी टोफूच्या पिशवीतली इनारी सुशीसुद्धा त्यात शिजते. म्हणून 'माशाची दाशीही चालत नाही, कोंबू किंवा शिताकेची चालेल' असं स्पष्ट लिहा, पहिलं समुद्री शेवाळ, दुसरी अळंबी. हेच वाक्य यजमानांकडून जपानीत लिहून मोबाईलमध्ये ठेवा, ते नसतील त्या दिवशी उपयोगी पडेल.

सासूबाईंसाठी शोजिन र्‍योरी सुचवा, बौद्ध मठांतलं जेवण, मांस-मासे नाहीतच पण परंपरेने कांदा-लसूणही नाही. छोट्या छोट्या वाट्या येतात, तिळाचं टोफू, लोणची, भाजी, भात. आधी बुकिंग लागतं आणि स्वस्त नसतं, तरी एकदा घ्याच. एरवी प्रवासात कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत, मिळणारा उमेबोशीचा, म्हणजे खारट आंबट प्लमचा भाताचा गोळा हाताशी ठेवा. आणि भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, मृताला वाढताना तसं करतात.

प्रश्न : मुलाचे मराठी मित्र निशी-कासाईला राहतात, चार दिवस त्यांच्याकडेच उतरायचा विचार आहे. मग जपान कळेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : का नाही कळणार. निशी-कासाई हे एदोगावा वॉर्डातलं, २००० च्या आसपास आयटीवाले भारतीय यायला लागले तेव्हापासूनची वस्ती आहे, आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला शाळा, भाडं, शेजार हे सगळं दोन्ही बाजूंनी माहीत असतं आणि तो ते तुम्हाला मराठीत सांगू शकतो, याची किंमत मोठी आहे.

पण घर लहान असणार. जाण्याआधी विचारा की काय आणू, मसाले आणि डाळी तिथे दुकानात मिळतात, उगाच बॅगा भरू नका. कचरा कसा वेगळा करायचा हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या, जाळायचा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, आणि वार ठरलेले, चुकलं तर तुम्ही परत याल आणि शेजाऱ्यांचं ऐकून घ्यायला ते घर उरेल. रात्री दहानंतर आवाज नको. सकाळी साडेसात ते साडेनऊ तिथून जाणाऱ्या तोझाई मेट्रो लाइनला पाय ठेवायला जागा नसते, त्यांना ऑफिसला जाऊ द्या, तुम्ही दहाला निघा. आणि एक संध्याकाळ त्यांना म्हणा की आज स्वयंपाक आम्ही करतो, पिठलं-भात, तुम्ही शेजारच्या जपानी कुटुंबाला बोलवा.